हिरव्या झाकणाची नळी

मार्च महिना, दुसरा शनिवार, सकाळ. स्थळ: ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधली आमची प्रयोगशाळा, बैठकीची खोली. हजर: डॉ. सबनीस, आमच्या शास्त्रज्ञ. संतोष, रक्त काढणारा. मी, माधुरी कर्णिक, नमुने सांभाळणारी. अशोक मोहिते, फुफ्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण. त्यांचे धाकटे भाऊ विलास मोहिते, सोबत आलेले. शिवाय इतर रुग्णांचे काही नातेवाईक. गैरहजर: ज्यांची त्या दिवशी केमो होती ते. टेबलावर: एक कच्चा बटाटा, एक उकडलेला बटाटा, सुरी, दोन बश्या आणि औषधाच्या दुकानातून आणलेली हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली.

अशी नोंद मी प्रत्येक बैठकीची करते. सवय आहे. संपादकांनी फोन करून सांगितलं, "मॅडम, दिवाळी अंकासाठी तुमच्या नोकरीतले चार गमतीदार अनुभव द्या." मी विचार केला, गमतीदार म्हणावं असं काय आहे? माझी नोकरी थंड पेट्यांची आणि घाबरलेल्या माणसांची. तरी त्या शनिवारपासून सुरुवात करते, कारण त्या दिवशी खोलीतले सगळे हसले होते.

आधी काम काय ते सांगते. आपण श्वास घेतो त्या प्राणवायूतला थोडासा भाग शरीरात उडाणटप्पू होतो. पेशीत इकडेतिकडे धक्के मारत फिरतो आणि पेशीच्या मूळ आराखड्यावर ओरखडे काढतो. बिडी-सिगारेटचा धूर, कारखान्याची वाफ, गाड्यांचा धूर आत गेला की हे टपोरी वाढतात. त्यांना आवरायला शरीराने एन्झाइम ठेवलेली आहेत. शाळेच्या पुस्तकात त्यांना विकरं म्हणतात. एक एन्झाइम त्या टपोऱ्याला धरून त्याचं पेरॉक्साइड करतं, दुसरं त्या पेरॉक्साइडचं साधं पाणी आणि प्राणवायू करून टाकतं. या दुसऱ्याचं नाव कॅटलेज. आणखीही आहेत, पण नावं लक्षात ठेवायची गरज नाही. गरज एवढं समजण्याची आहे, की हे पहारेकरी थकले तर ओरखडे साचत जातात, आणि साचलेल्या ओरखड्यांतून कधीतरी एखादी पेशी बिघडते. फुफ्फुसाच्या कर्करोगाची सुरुवात अनेकदा अशी होते.

आम्ही रुग्णांच्या रक्तातली ही एन्झाइम किती जोमाने काम करतात ते मोजतो. पण नुसतं रुग्णाचं मोजून उपयोग नाही. तुलनेला निरोगी माणूस लागतो, आणि तो शक्यतो त्याच घरातला, त्याच हवेतला, तेच खाणारा. म्हणून आमच्याकडे एक पद्धत आहे: रुग्णासोबत जो येतो, त्याचंही रक्त मागायचं. आम्ही त्याला 'सोबतीचा नमुना' म्हणतो. रुग्णांच्या नळीला लाल झाकण, सोबतीच्या नळीला हिरवं. दोन्ही उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये, वेगवेगळ्या खोक्यांत.

आमच्यात आणखी एक पद्धत आहे, ती कुठल्याही नियमावलीत लिहिलेली नाही. रुग्णाच्या नमुन्याला कोणीही 'शेवटचा' म्हणायचं नाही. 'पुढचा' म्हणायचं. एकदा एका नव्या मुलीने चुकून म्हटलं, "काका, हा तुमचा शेवटचा ना?" काका हसले. बाहेर बाकावर बसलेली त्यांची बायको मात्र उठून जिन्यात जाऊन उभी राहिली. तेव्हापासून.

तर त्या शनिवारी विलास मोहिते बाही वर करत म्हणाले, "घ्या की मॅडम. दादासाठी दोन बाटल्या घ्या."

संतोष म्हणाला, "काका, बाटल्या नकोत. दोन चमचे बास."

"एवढ्यात काय होणार तुमचं? आमच्याकडे मच्छर याच्यापेक्षा जास्त नेतात."

अशोकराव, म्हणजे दादा, कल्याण पूर्वेला राहणारे, शांत गृहस्थ. पालिकेच्या शाळेत शिपाई होते. विलासराव कोपरला राहतात आणि डोंबिवली एमआयडीसीत कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये ब्लीचिंग खात्यात आहेत. उंच, बोलघेवडे, छाती पुढे काढून चालणारे. बिडी ओढायचे, दादांचं निदान झालं त्या दिवशी बंडल गटारात टाकलं, असं त्यांची बायको सुनंदाताई सांगते. त्यांच्या छातीचा एक्स-रे आमच्या नियमाप्रमाणे काढला होता. स्वच्छ होता.

"माझी बाटली कुठे ठेवणार?" त्यांनी विचारलं. मी त्यांना काचेतून फ्रीझर दाखवला. संतोषने दार उघडल्यावर पांढरी वाफ बाहेर आली. हिरव्या झाकणांचा खोका बाहेर काढून त्यांच्यासमोर त्यांची नळी आत ठेवली.

"हिरवा म्हणजे?"

"हिरवा म्हणजे सोबतीचा. निरोगी."

"म्हणजे मी पास!"

"पास-नापास नसतं इथे, विलासराव."

"तुमच्यात नसेल. आमच्यात असतं." आणि दादांकडे वळून, "बघ रे दादा, तू लाल, मी हिरवा. सिग्नल झाले आपले."

दादा म्हणाले, "हिरव्याने पुढे चालत राहायचं असतं. गप बस."

मग बटाटा झाला. डॉ. सबनीस तरुण आहेत, पस्तिशीच्या आतल्या, आणि सामान्य माणसाला विज्ञान समजलंच पाहिजे यावर त्यांचा विश्वास आहे. त्यांनी कच्च्या बटाट्याच्या फोडीवर पेरॉक्साइडचे थेंब टाकले. फोडीवर पांढरा फेस आला. "हे कॅटलेज," त्या म्हणाल्या. "बटाट्यातलं. पेरॉक्साइडचं पाणी करतंय, त्यातून सुटणारा प्राणवायू म्हणजे हा फेस." उकडलेल्या बटाट्यावर थेंब टाकले. काहीच नाही. "उकडल्यावर एन्झाइम मरतं."

विलासराव खुर्चीतून पुढे झुकले. "मॅडम, हे तर आमचं रोजचं. कापड पांढरं करायला आम्ही हेच वापरतो, फक्त जालीम. अंगावर पडलं तर कातडी पांढरी होते." मग विचार करून, "म्हणजे फेस आला की पहारेकरी जिवंत. नाही आला की मेलेला. बरोबर?"

"बटाट्यापुरतं बरोबर," डॉ. सबनीस म्हणाल्या.

हे 'बटाट्यापुरतं' त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. मी नोंदीत तेव्हा लिहिलं: प्रात्यक्षिक उत्तम, प्रतिसाद उत्तम, चहा कमी पडला.

आता मधली एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं अर्धंच कळेल. पहारेकरी चांगले, मग जास्त पहारेकरी आणखी चांगले, असं सगळ्यांना वाटतं. कल्याणच्या एका निवृत्त मास्तरांचा जावई 'अँटिऑक्सिडंट' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या-पावडरींचा एजंट होता. मास्तरांना कर्करोग झाल्यावर त्याने घरात डब्यांची उतरंड लावली. केमो चालू असताना सकाळी ही पावडर, दुपारी ती गोळी, रात्री दुधातून तिसरंच काही. मास्तर मला फोन करून विचारायचे, "कर्णिकबाई, या महिन्यात माझ्या एन्झाइमला किती मार्क?"

त्यांच्या डॉक्टरांनी ते डबे बंद करायला सांगितल्यावर जावई आमच्याकडे भांडायला आला. डॉ. सबनीस त्याला म्हणाल्या, "तुमच्या सोसायटीत वॉचमन आहे?"

"आहे."

"तो चोराला आत सोडतो?"

"नाही."

"आणि चोराने रीतसर फ्लॅटच विकत घेतला तर?"

त्याच्या उत्तरासाठी न थांबता त्या म्हणाल्या, "मग वॉचमन रोज त्याला सलाम करतो, त्याच्याही दाराची राखण करतो. कर्करोगाची पेशी एकदा रुजली की पुष्कळदा हीच एन्झाइम स्वतःसाठी वाढवून घेते. केमो आणि रेडिएशन काही अंशी त्याच उडाणटप्पू प्राणवायूचा मारा करून तिला मारतात. तेव्हा तुम्ही बाहेरून ढाली पुरवल्या तर त्या कोणाच्या हातात जातील, याची खात्री मला नाही. तुम्हाला आहे?"

जे रोग व्हायच्या आधी राखतं, तेच रोग झाल्यावर रोगाला राखू शकतं. इतकी वर्षं या नळ्या हाताळूनही हे वाक्य लिहिताना मला बरं वाटत नाही. घरी जाते, दार लावते, नवऱ्याला खोकला आला की हातातलं काम थांबतं. पहिला खोकला मोजत नाही. दुसऱ्याला कान टवकारते. तिसऱ्याला विचारते, "पाणी देऊ?" त्याला वाटतं मी प्रेमाने विचारते.

जुलैत 'पुढच्या' नमुन्यांची वेळ आली. मी यादीप्रमाणे फोन लावत होते. दादांना आधीच बोलावलं होतं. मग विलासराव.

"जय भीम, मॅडम! कधी येऊ? मी एकदम फिट आहे. रोज टेस्ट करतो."

"कसली टेस्ट?"

"तुमची बटाट्याची. बटाटा कशाला पायजे? सकाळी खाकरून जे येतं ते वाटीत घ्यायचं आणि वर पेरॉक्साइड. फेस येतो, मॅडम. मार्चमध्ये केलेलं तेव्हा नुसते दोन-चार बुडबुडे आलेले. मी जरा टेन्शनमध्ये आलेलो. पण बिडी सोडलीय ना, त्याचा फरक पडला. आता काय जोरात येतो! दुधासारखा वर चढतो."

माझ्या हातातलं पेन टेबलावर ठेवलं गेलं. "खोकला आहे का तुम्हाला?"

"थोडा. ते बिडी सोडल्यावर निघतं सगळं बाहेर. चांगलं असतं."

"मी उद्या येते घरी. सकाळी. वाटी धुऊ नका."

"अहो, वाटी बघायला येताय का मला?" ते मोठ्याने हसले.

फोन ठेवून मी डॉ. सबनीसांच्या खोलीत गेले आणि सांगितलं. त्या काही बोलायच्या आधी त्यांचा चेहरा उतरला. फेस लाळेवरही थोडा येतो, जंतूंमुळेही येतो. त्यावरून फुफ्फुसाबद्दल काहीच कळत नाही. पण कॅटलेज सगळ्यात जास्त जिथे असतं अशा जागांपैकी एक म्हणजे रक्ताच्या तांबड्या पेशी. जखमेवर पेरॉक्साइड टाकलं की फसफसतं ते त्याचमुळे. फेस महिन्यागणिक वाढत असेल, तर वाटीत काय वाढत होतं, हे आम्हा दोघींना एकदमच कळलं.

कोपरला त्यांचं घर पश्चिमेला, चाळीतून इमारत झालेल्या जागेत, पहिल्या मजल्यावर. सुनंदाताईने दार उघडलं. "या मॅडम. तुमचा प्रयोगच चाललाय इथे. चहाआधी खाकरायचं, थुंकायचं, औषध ओतायचं. ती वाटी मी वेगळी ठेवलीय, तिच्यात वरण नाही वाढत कोणाला."

विलासराव बनियनवर बसले होते. मार्चपेक्षा गळ्याची हाडं वर आलेली. मोरीत जाऊन ते खोकले. जरा जास्त वेळ खोकले. वाटी घेऊन आले आणि मोठ्या अभिमानाने माझ्यासमोर स्टुलावर ठेवली.

त्यात एक गंजाच्या रंगाचा धागा होता. एखाद्या जुन्या टाकीच्या तळाशी असतो तसा. बारीक, पण होता.

"हे काय, विलासराव?"

"ते रोज असतं. आता बघा." त्यांनी बाटलीतून थेंब सोडले. बाटली औषधाच्या दुकानातली नव्हती. कारखान्यातलं पेरॉक्साइड पाणी घालून सौम्य केलेलं होतं. वाटीत फसफस झाली, फेस काठापर्यंत चढला आणि हळूहळू बसला. खाली सगळं पांढरं.

"बघा," ते म्हणाले. "डाग पण गेला. तीस वर्षं हेच करतोय. पेरॉक्साइड डाग ठेवत नाही."

मी नोकरीत भीती पुष्कळ पाहिली आहे. कळलेल्या माणसाची भीती मला सांभाळता येते: पाणी द्यायचं, खुर्ची द्यायची, पुढचं काम सांगायचं. पण समोरचा माणूस आनंदात आहे आणि आपल्याला कळलेलं आहे, ही भीती वेगळी. तिच्यासाठी माझ्याकडे काही यादी नव्हती.

"डाग कधीपासून आहे?"

"असेल महिना-दीड महिना. का?"

मी जमेल तेवढं साध्या शब्दांत सांगितलं. फेस फुफ्फुसाच्या जोमाचा नाही, रक्ताचा आहे. पेरॉक्साइडने रक्त गेलं नाही, फक्त रंग गेला. मी डॉक्टर नाही; हे साधा जंतुसंसर्ग असू शकतं, टीबी असू शकतं, आणखी काही असू शकतं. पण छातीचं स्कॅन या आठवड्यात झालंच पाहिजे. आणि कारखान्यातली ती बाटली आजच्या आज परत.

विलासरावांनी वाटी स्टुलाखाली सरकवली. मग म्हणाले, "टीबी असेल."

सुनंदाताई म्हणाली, "हो, टीबीच असणार. शेजारच्या काकूंना झालेला. सहा महिन्यांत बऱ्या झाल्या." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, टीबी असू शकतो ना? असू शकतो म्हणालात ना तुम्ही?"

"असू शकतो," मी म्हटलं.

टीबी निघावा म्हणून आशा लावून बसलेलं घर मी त्या दिवशी पाहिलं. तसबिरीसमोर लावलेली उदबत्ती विझली होती, ती सुनंदाताईने पुन्हा पेटवली.

स्कॅनला ते गेले नाहीत. सोमवारी फोन केला तर म्हणाले, डबल ड्यूटी आहे. बुधवारी म्हणाले, दादाची केमो आहे. शुक्रवारी फोन सुनंदाताईने उचलला. मागून त्यांचा आवाज आला, "सांग, बाहेर गेलोय." तिने फोनवर हात न ठेवताच उत्तर दिलं, "बाहेरून बोलताय का तुम्ही?" आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"मॅडम, ऐका," ते म्हणाले. आवाजातली सगळी मस्करी गेली होती. "दादाला दवाखान्यात मी नेतो. ठाण्याला न्यायचं, रांगेत उभं राहायचं, उलटी झाली तर पिशवी धरायची, सगळं मीच. मी आडवा झालो तर त्याला कोण नेणार? त्याची केमो होऊ दे. मग बघू. आणि त्याला यातलं एक अक्षर सांगायचं नाही. तुम्हाला शपथ आहे."

"थांबून चालणार नाही, विलासराव."

"दादा माझ्यापेक्षा घाबरट आहे. तो बसेल खचून."

मला कोणाला परस्पर सांगायचा अधिकार नाही. आमच्या कामात एका माणसाची गोष्ट दुसऱ्याला, भाऊ असला तरी, सांगता येत नाही. (इथे लिहिते आहे ते दोघा भावांच्या परवानगीने.) मी दादांना जुलैच्या नमुन्यासाठी भेटले, त्यांच्या दंडाला पट्टा बांधला जाताना शेजारी उभी राहिले, "बरं वाटतंय का?" विचारलं आणि काही बोलले नाही. दादा म्हणाले, "विलास आला नाही आज. ड्यूटी आहे म्हणाला. मी शेजारच्या पोराला घेऊन आलो." मी मान हलवली. एवढी साधी मान हलवायला मला कधी इतका जोर लागला नव्हता.

सांगितलं शेवटी सुनंदाताईने. तिच्यावर कुठली नियमावली नव्हती. ती कल्याणला गेली, जावेसमोर बसून रडली आणि सगळं बोलून मोकळी झाली. पुढचं तिनेच मला सांगितलं, ते तिच्याच शब्दांत जवळपास देते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा रिक्षाने कोपरला आले. डोक्यावरचे केस गेलेले, कानटोपी घातलेली, जिना चढताना दोनदा थांबले. दारात उभे राहून म्हणाले, "वाटी कुठाय?"

विलासराव म्हणाले, "कोण बोललं तुला?"

"वाटी आण."

वाटी आली. दादांनी ती खिडकीतून खाली टाकली. खाली कोणाच्या तरी स्कूटरवर पडून ठणकन वाजली, आणि खालून शिवी आली. दादा खिडकीतून म्हणाले, "माफ करा, भाऊ." मग भावाकडे वळले. "आठ महिने माझी सोबत करतोयस ना रे? आता मी तुझी करतो. चल. दवाखान्यात कुठली रांग कुठे आहे, मला सगळं पाठ आहे. तुला तर पिशवी पण धरता येत नाही नीट."

"दादा, तुझ्याने चालवत नाही."

"मग हळू चालू. तुला कुठे घाई आहे? तू तर महिनाभर बसूनच होतास."

दोघे गेले. केमो चालू असलेला माणूस सोबती म्हणून आणि सोबती रुग्ण म्हणून. नोंदणीच्या खिडकीवरच्या मुलीने दादांकडे पाहून विचारलं, "पेशंट तुम्ही ना?" दादा म्हणाले, "माझा नंबर मंगळवारी. आज हा."

स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसात सावली दिसली. एक्स-रेत हृदयामागे किंवा बरगडीआड लहानशी गोष्ट लपू शकते, हे तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मग सुईने तुकडा काढला. रिपोर्ट यायच्या दिवसांत सुनंदाताई मला रोज फोन करायची आणि तेच विचारायची, टीबी असू शकतो ना. मी रोज म्हणायचे, असू शकतो. रिपोर्ट आल्यावर तिने फोन केला नाही. त्यावरून मला कळलं.

एक बरी गोष्ट: सावली लहान आहे आणि सर्जनच्या मते कापून काढता येण्यासारखी आहे. गंजाच्या धाग्यावरून एवढ्या लवकर कोणी येत नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी म्हटल्याचं विलासरावांनी मला सांगितलं आणि वर म्हणाले, "म्हणजे टेस्ट माझी बरोबर होती, मॅडम. रिझल्ट तेवढा उलटा वाचला मी."

मी डॉ. सबनीसांना निदान सांगितलं, तेव्हा त्या खुर्चीतून उठल्या आणि एकदम म्हणाल्या, "कर्णिक मॅडम, आपल्याकडे त्यांचा मार्चचा नमुना आहे!" त्यांच्या डोळ्यांत क्षणभर जे आलं तो आनंद होता. मग त्यांनी चष्मा काढला आणि खाली बसल्या. "काय बोलले मी हे," असं स्वतःशीच म्हणाल्या.

त्यांचं चुकलं नव्हतं. आम्हाला रुग्णाचं रक्त मिळतं ते रोग झाल्यावर. रोग आत होता पण कोणालाच ठाऊक नव्हता, अशा वेळचं रक्त फार दुर्मीळ. पहारेकरी तेव्हाच थकले होते का, की चोराच्या नोकरीला लागले होते, हे विचारायची जागा ती नळी आहे. एका माणसाच्या रक्ताने सिद्ध काहीच होत नाही, पण अशा नळ्या जमत गेल्या तरच उद्या कोणाला तरी आधी कळेल. हे सगळं मला समजतं. पण ज्याच्या दुर्दैवाने नळीची किंमत वाढते, त्यानेच ती आत ठेवली जाताना "मी पास" म्हटलेलं असतं, हेही मला विसरता येत नाही.

नियमाप्रमाणे ती नळी आता हिरव्या खोक्यातून काढून तिसऱ्या, वेगळ्या खोक्यात ठेवायची. त्यासाठी विलासरावांची नव्याने संमती हवी. ते आले, दादांना घेऊन. या वेळी रिक्षातून उतरताना कोण कोणाला हात देत होतं, ते वरून खिडकीतून पाहताना मला नीट कळलं नाही.

त्यांनी सगळा मजकूर वाचला, सही केली आणि विचारलं, "नळी अजून हिरव्यातच आहे?"

"आहे."

"दाखवा."

संतोषने दार उघडलं. वाफ आली. खोका बाहेर आला. विलासराव काचेला अगदी नाक लावून उभे राहिले. श्वासाने काच धुरकट झाली, ती त्यांनी बाहीने पुसली.

"मॅडम, एक करा. ऑपरेशन होईपर्यंत राहू द्या तिथेच. मी येतो आणि माझ्या हाताने हलवतो. चालेल?"

नियमात असं काही नाही. डॉ. सबनीस म्हणाल्या, "चालेल. हातमोजे घालावे लागतील."

दादा म्हणाले, "त्याच्या पंजाला बसतील असे आहेत का तुमच्याकडे? याला चप्पल पण मापाची मिळत नाही."

"मागवते," मी म्हटलं.

रांग मोठी, ऑपरेशनची तारीख दिवाळीच्या सुमाराची मिळाली आहे. हा अंक तुमच्या हातात येईल तेव्हा ते झालेलं असेल किंवा व्हायचं असेल. लिहिताना मला ते माहीत नाही. मोठ्या मापाचे हातमोजे आले आहेत. माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहेत, पाकीट न फोडलेलं. दर शुक्रवारी आठवड्याचा हिशेब देताना मी एकेक काम वाचते, त्याच्यापुढे 'झालं' म्हणते आणि शेवटच्या ओळीवर थांबते. डॉ. सबनीस विचारतात, "मोहित्यांची नळी?"

"राहिली आहे," मी म्हणते. "पुढच्या आठवड्यात."